शांत साप कोणता?

पाळीव प्राणी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर कुत्रा, मांजर, शेळी, कोंबडी किंवा कबुतर येते. साप काही येत नाही. साप दिसला, की आपल्याकडे आधी आरडाओरडा होतो आणि मग काठी शोधली जाते. पण जगात असेही देश आहेत, जिथे लोक हौसेने साप पाळतात. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी या देशांत कितीतरी घरांत काचेची पेटी असते आणि त्या पेटीत साप असतो. आईवडील मुलांना घेऊन दुकानात जातात आणि दुकानदाराला विचारतात, "आम्ही पहिल्यांदाच साप पाळणार आहोत. शांत स्वभावाचा साप कोणता?"

आता हा प्रश्न आपल्याकडची मुलेही विचारू लागली आहेत. मोबाइलवर ती पाहतात, की परदेशातला एक मुलगा हातात रंगीत साप घेऊन बसला आहे. साप त्याच्या बोटांमधून सावकाश फिरतो आहे. मुलगा हसतो आहे. ते पाहून सापाची भीती कमी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण भीती कमी झाली, की लगेच 'मलाही असा साप हवा' असे वाटू लागते. इथे थोडे थांबून विचार करायला हवा.

माझे मत असे आहे, की 'शांत साप कोणता?' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. त्याच्या आधी आणखी चार प्रश्न विचारले पाहिजेत. हा साप शांत का आहे? त्याचा जन्म कुठे झाला? तो किती वाढेल आणि किती वर्षे जगेल? तो घरात ठेवायला कायद्याची परवानगी आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे न घेता निवडलेला साप कितीही शांत असला, तरी ती निवड चुकते. त्या चुकीची शिक्षा माणसापेक्षा सापालाच जास्त भोगावी लागते.

आधी पहिला प्रश्न घेऊ. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहिला आहे. तो आपल्या माणसाला ओळखतो, त्याची वाट पाहतो, त्याच्यासाठी भुंकतो. साप असा नाही. तो एकट्याने राहणारा प्राणी आहे. मालक घरी आला म्हणून त्याला आनंद होत नाही. रोज हळुवारपणे हाताळले, तर 'या हातापासून मला धोका नाही' एवढी सवय त्याला होते. साप माणसाळला असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच. भूक लागलेली असताना, कात टाकण्याच्या दिवसांत किंवा अचानक धक्का बसला, तर हाच शांत साप चावूही शकतो. त्याला आपण दोष देऊ शकत नाही.

आफ्रिकेतल्या बॉल पायथनचे उदाहरण पाहा. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत राहणारा लहान अजगर आहे. त्याची लांबी साधारणपणे तीन ते पाच फूट असते. तो बिनविषारी आहे. इंग्लंडमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. पहिल्यांदा साप पाळणाऱ्यांना दुकानदार बहुतेक वेळा हाच साप दाखवतात. तो हातात घेतला, की चेंडूसारखा गोल होऊन बसतो. चेंडूला इंग्रजीत बॉल म्हणतात, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. नवखा माणूस म्हणतो, "किती शांत साप आहे!" पण खरे पाहता त्या वेळी तो घाबरलेला असतो. शत्रूपासून डोके वाचवण्यासाठी तो ते आपल्या वेटोळ्यात लपवतो. ज्याला आपण शांतपणा समजतो, ती त्याची भीती असते. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने साप पाळू नये.

दुसरा प्रश्न जन्माचा. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून हजारो बॉल पायथन परदेशी पाठवले जातात. त्यांतले काही रानातून पकडलेले असतात. काही पिल्ले रानातून गोळा केलेल्या अंड्यांतून निघालेली असतात. याच बेनिन देशात उइदा नावाचे गाव आहे. तिथे या अजगरांचे देऊळ आहे आणि तिथले लोक त्यांना पवित्र मानतात. एका ठिकाणी ज्याला कोणी इजा करीत नाही, तोच साप दुसऱ्या ठिकाणी पिशवीत भरून विकला जातो. रानातून आलेल्या सापाच्या अंगावर गोचिडांसारखे परजीवी असू शकतात, पोटात जंत असू शकतात. तो पेटीत रुळत नाही. कित्येकदा तो महिनोन् महिने काही खात नाही. म्हणून जाणकार सांगतात, की पाळलेल्या सापांपासून जन्मलेले आणि स्वतःहून खाऊ लागलेले पिल्लूच घ्यावे. 'हा साप आतापर्यंत किती वेळा जेवला?' हा प्रश्न 'हा कोणत्या रंगाचा आहे?' या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

या कसोटीवर अमेरिकेतला एक साप चांगला उतरतो. त्याचे नाव कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप. अमेरिकेच्या आग्नेय भागात तो सर्वत्र आढळतो. मक्याच्या कोठारात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे हा साप येतो. त्यावरून त्याला हे नाव पडले असे काही जण म्हणतात. काहींच्या मते त्याच्या पोटावरची नक्षी मक्याच्या रंगीबेरंगी कणसासारखी दिसते म्हणून ते नाव पडले. हा साप बिनविषारी आहे. तो उंदराला वेढा घालून आवळतो आणि मग गिळतो. तीन ते पाच फुटांपेक्षा तो सहसा फार वाढत नाही. तो सहज खातो, थोड्याफार चुका सहन करतो आणि त्याची पैदास कित्येक वर्षांपासून माणसाच्या देखरेखीखाली होत आहे. म्हणून त्या देशात कोणी मला विचारले, की नवख्या माणसाने कोणता साप घ्यावा, तर मी कॉर्न स्नेकचेच नाव घेईन.

पण तो घेण्याआधी घरातल्या मोठ्यांनी काही गोष्टींची तयारी करायला हवी. साप थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याला पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे टोक थंड लागते, म्हणजे हवे तेव्हा तो जागा बदलू शकतो. पेटीत लपायला जागा हवी, स्वच्छ पाणी हवे आणि झाकण घट्ट हवे. बोटभर फट असली, तरी साप निसटतो. पिल्लाला आठवड्यातून एकदा आणि मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी उंदीर द्यावा लागतो. जिवंत उंदीर पेटीत सोडू नये, कारण घाबरलेला उंदीरही सापाला चावतो. म्हणून दुकानातून बर्फात गोठवलेले मेलेले उंदीर आणून ते फ्रीजमध्ये ठेवतात. आपली आई यासाठी तयार होईल का, याचा विचार ज्याचा त्याने करावा! खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेले बाहेर टाकतो. सापाला हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांनी तर सापाला हात लावूच नये, असे अमेरिकेतल्या आरोग्य खात्याचे सांगणे आहे.

तिसरा प्रश्न आहे वाढीचा आणि आयुष्याचा. कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षे जगू शकतो. बॉल पायथन त्याहूनही जास्त जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय बासष्ट वर्षांपेक्षा कमी नव्हते. म्हणजे सहावीतल्या मुलाने साप घेतला, तर त्याचे शिक्षण होईल, नोकरी लागेल, कदाचित लग्नही होईल, तरी साप पेटीतच असेल. सहा महिन्यांनी हौस फिटली, तर त्या सापाचे काय करायचे?

हा प्रश्न ज्यांनी विचारला नाही, त्यांच्यामुळे काय घडले हे फ्लॉरिडा राज्यात दिसते. आग्नेय आशियातला बर्मीज पायथन हा मोठा अजगर तिथे पाळण्यासाठी आणला गेला. लहानपणी तो सुंदर आणि सौम्य दिसतो. पण काही वर्षांत तो दहा-बारा फुटांचा होतो, कधी त्याहूनही मोठा. मग तो घरात मावेना. लोकांनी गुपचूप तो दलदलीत सोडून दिला. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात साप पैदा करणाऱ्या एका केंद्राची मोडतोड झाली, तेव्हाही काही साप बाहेर पडले असे मानले जाते. एव्हरग्लेड्स या राष्ट्रीय उद्यानात त्यांची संख्या वाढत गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की तिथे रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकून या प्राण्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने हा अजगर देशात आणण्यावर बंदी घातली. पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. आज तिथे त्या अजगरांना शोधून मारावे लागते. यात अजगराचा काय गुन्हा? त्याला तिथे आणले माणसाने आणि सोडलेही माणसानेच.

आता चौथा प्रश्न, कायद्याचा. तो आपल्या सर्वांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्या रानातले नाग, अजगर, धामण, मांडूळ हे साप पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास आणि दंड होतो. साप विषारी असो की बिनविषारी, शांत असो की चपळ, कायदा तेवढ्यावरून सूट देत नाही. २०२२ साली या कायद्यात सुधारणा झाली. ज्या परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने बंधने घातली आहेत, ते प्राणी जवळ असतील तर त्यांची सरकारकडे नोंद करावी लागते. २०२४ साली त्याचे नियमही आले. बॉल पायथन त्या करारातील यादीत आहे. शिवाय परदेशातून कोणताही जिवंत प्राणी आणायचा, तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते.

तरीही काही लोक लोभापायी आडमार्गाने जातात. २०२३ च्या डिसेंबर महिन्यात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाचे सामान तपासले गेले. बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत अकरा साप लपवलेले होते. त्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक होते. नवख्यांसाठी चांगले म्हणून जे दोन साप परदेशात प्रसिद्ध आहेत, नेमके तेच हे दोन! जो साप शांत, तो पाकिटात कोंबायलाही सोपा. घरी साप ठेवण्याची आपली हौस अशा पाकिटांना गिऱ्हाईक मिळवून देते, हे विसरता कामा नये.

आपल्या महाराष्ट्रातही एक अतिशय शांत साप आहे. त्याचे नाव मांडूळ. उर्दूत आणि हिंदीत त्याला दोमुँहा साँप म्हणतात. त्याची शेपटी आखूड आणि बोथट असते, ती तोंडासारखीच दिसते. त्यामुळे त्याला दोन तोंडे आहेत, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात त्याला एकच तोंड असते. तो बिनविषारी आहे. मऊ मातीत राहतो, उंदीर खातो आणि शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो. हातात घेतला, तरी तो सहसा चावत नाही. याहून शांत साप आपल्या शेतात शोधून सापडणार नाही.

मग या शांतपणाचे त्याला काय फळ मिळाले? मांडूळ घरात असला तर गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, अशा अफवा पसरवल्या गेल्या. त्या अफवांवर विश्वास ठेवणारे लोक त्याच्यासाठी लाखो रुपये मोजायला तयार होतात, आणि पकडणारे त्याला पोत्यात घालून गावोगावी फिरवतात. महाराष्ट्रात पोलिसांनी आणि वनखात्याने अशा टोळ्या कितीतरी वेळा पकडल्या आहेत. नागाने फणा काढला, तर माणूस चार पावले मागे सरतो. मांडूळ बिचारा चावत नाही, म्हणून कोणीही त्याला उचलून नेतो. ज्या गुणासाठी आपण त्याची वाखाणणी करतो, तोच गुण त्याच्या जिवावर उठला आहे.

याच्या उलट दुसरे उदाहरण मण्यारीचे. मण्यार ही भारतातल्या अतिशय विषारी सापांपैकी एक आहे. पण दिवसा पाहिली, तर ती अगदी सुस्त असते. डिवचले, तरी पुष्कळदा ती आपले डोके अंगाखाली लपवून पडून राहते. रात्री मात्र ती शिकारीसाठी बाहेर पडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, तेव्हा बऱ्याचदा त्याला दुखतही नाही आणि उपचाराला उशीर होतो. कवड्या नावाचा एक बिनविषारी साप तिच्यासारखाच दिसतो. त्याचप्रमाणे दुरक्या घोणस हा बिनविषारी साप आणि घोणस हा जहाल विषारी साप यांच्यातही लोकांची गफलत होते. 'शांत आहे, म्हणजे बिनविषारी असेल' असे समजून रस्त्यावरचा साप उचलणारा मुलगा आपला जीव धोक्यात घालतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा सापाचा द्वेष करण्यासाठी सांगितलेला नाही. सापाशी खेळ करू नये, एवढ्यासाठी सांगितला आहे.

कोणी म्हणेल, "पाळल्याशिवाय प्रेम कसे निर्माण होणार? परदेशातल्या मुलांनी साप पाळले, म्हणून तर त्यांची भीती गेली." या म्हणण्यात तथ्य आहे. जिथे कायदा परवानगी देतो, जिथे पाळीव सापांपासून जन्मलेली पिल्ले मिळतात आणि घरातली मोठी माणसे वीस वर्षांची जबाबदारी घेतात, तिथे साप पाळणे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण प्रेम करण्यासाठी प्राणी आपल्या मालकीचा असावाच लागतो का? चिमणी आपल्या मालकीची नसते, तरी ती आपल्याला आवडते. साप ओळखायला शिकणे, हीदेखील एक हौस आहे, आणि तिला पेटीची गरज नाही.

पुण्याजवळ कात्रजला १९८६ साली सर्पोद्यान सुरू झाले. आज ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. तिथे काचेआड नाग, घोणस, अजगर जवळून पाहता येतात. सहल काढायची, तर अशा ठिकाणी काढावी. आपल्या परिसरात कोणते साप आढळतात, त्यांची नावे वहीत लिहावीत. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, गवत्या, हरणटोळ ही नावे किती सुंदर आहेत! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप चित्रांवरून ओळखायला शिकावे. साप दूध पितो, पुंगीवर डोलतो, सूड घेतो या समजुतींना शास्त्राचा आधार नाही, हे घरातल्यांना समजावून सांगावे. मराठीत 'सापाला दूध पाजणे' आणि उर्दूत 'आस्तीन का साँप' असे म्हणून आपण दगाबाज माणसाचे वर्णन करतो. खरा साप मात्र कोणाशीही दगाबाजी करीत नाही. त्याला फक्त उंदीर, ऊब आणि लपायला जागा हवी असते.

घरात साप शिरला, तर काठी उचलू नये आणि हातही लावू नये. लांब उभे राहून त्याच्यावर लक्ष ठेवावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. साप चावला, तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठावा. सर्पदंशावरचे प्रतिविष सरकारी दवाखान्यांत दिले जाते.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्यांदा साप पाळणाऱ्याने कोणता साप निवडावा, या प्रश्नाचे परदेशातले उत्तर मी वर दिले आहे. आपल्या देशातले उत्तर वेगळे आहे. आपला शांत साप आधीच कुठेतरी शेताच्या बांधावर, मऊ मातीखाली राहतो आहे. त्याला घर आहे, काम आहे आणि उंदरांचे जेवणही आहे. त्याला आपल्याकडून पेटी नको आहे. आपण त्याला तिथेच राहू द्यावे, आणि पोत्यात घालून कोणी नेत असेल तर मोठ्या माणसांना सांगून त्याची सुटका करावी. सापावर प्रेम करण्याचा आपल्याकडे हाच खरा मार्ग आहे, असे मला वाटते.